खरवड : चवीबद्दल मुकी असलेली आपली समीक्षा

१

गेल्या वर्षीची गोष्ट. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मी दलित आत्मकथने शिकवीत होते. फळ्यावर नेहमीप्रमाणे शीर्षके मांडली होती : भूक, अपमान, वाटणी, मृतमांस, नकार. प्रत्येक शीर्षकाखाली मुले उदाहरणे उतरवून घेत होती. परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नाची ती तयारी होती. मांस सुकवून ठेवण्याचा उल्लेख आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, चान्या लागतात कशा?" वर्ग हसला. मी हसले नाही. पण उत्तरही दिले नाही. "चानी हे दारिद्र्याचे आणि लादलेल्या जगण्याचे प्रतीक आहे," असे काहीतरी सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

ते उत्तर पुस्तकातले होते आणि परीक्षेपुरते बरोबरही होते. पण ते माझे नव्हते. दहावीच्या पहिल्या पेपरला मी डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीतल्या खोलीतून निघाले तेव्हा पोटात आजीच्या हातच्या चान्या आणि बटाटेच होते. त्या सकाळी ते प्रतीक नव्हते. तो नाश्ता होता, आणि चांगला झाला होता. मग वर्गात मी त्याला प्रतीक का केले? हा प्रश्न केवळ माझ्या भित्रेपणाचा असता तर तो या पानांवर मांडण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे आहे की ज्या समीक्षेने मला वाचायला शिकवले, त्याच समीक्षेने मला हे उत्तरही शिकवले. आपल्या साहित्यातील अन्न तिने साक्ष म्हणून तपासले. अन्न म्हणून तपासले नाही.

२

आधी तो पदार्थ काय होता ते सांगितले पाहिजे. जे नीट सांगताच येत नाही, त्याची समीक्षा करता येत नाही.

आमच्याकडे त्याला नाव नव्हते. "तव्यातलं" एवढेच म्हणत. आजी मूळची सातारा जिल्ह्यातली. आजोबा गिरणीत साच्याखात्यात. महिन्याच्या पगाराचा आठवडा आला की मोठ्याच्या दुकानातून मांस यायचे. त्यातले काही त्याच दिवशी शिजायचे. उरलेल्याच्या आजी बोटाएवढ्या रुंद, लांबच लांब पट्ट्या काढायची, मीठ-हळद चोळायची आणि चाळीच्या गच्चीवर दोरी बांधून उन्हात टाकायची. कावळ्यांची राखण आम्हा पोरांकडे असे. तीन-चार कडक उन्हे खाल्ली की पट्टी वाळून काटकीसारखी होई. डब्यात भरून ठेवली की फ्रिज नसलेल्या घरात ती कित्येक आठवडे टिके. ओल काढून घेतली की मांस कुजत नाही आणि मिठाने ते आणखी राखले जाते, हे आजीला कोणत्या पुस्तकाने सांगितले नव्हते. तिच्या सासूने सांगितले होते.

आदल्या रात्री बटाटे सालासकट उकडून ठेवायचे. हे आदल्या रात्रीच का, हे मी एकदा विचारले होते. "गरम बटाटा तव्यावर चिखल होतो," एवढेच ती म्हणाली. त्यामागचे कारण मला पुढे कळले : रात्रभरात उकडलेल्या बटाट्यातली वाफ निघून जाते, आतला पिठूळपणा घट्ट बसतो, फोडी मोडत नाहीत आणि वरून कोरड्या राहतात. ज्याचा पृष्ठभाग कोरडा तेच तव्यावर खरपूस होते. ओले असेल तर ते आधी वाफळते, मग शिजते, पण कुरकुरीत होत नाही.

सकाळी चान्या कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, पिळून, पाट्यावर वरवंट्याने ठेचायच्या. ठेचल्या की त्यांचे धागे सुटतात. लोखंडी तवा स्टोव्हवर चांगला तापवायचा. त्यात चरबी असेल तर चरबी, नाही तर गोडेतेल. ठेचलेला लसूण, मग चान्यांचे धागे. ते कडेने तांबूस झाले की कांदा-लसणाचा मसाला आणि बटाट्याच्या फोडी. मीठ घालायचे नाही. चानीतले मीठच साऱ्याला पुरते. आणि मग सर्वांत अवघड काम : हात आवरायचा. ढवळायचे नाही. उलथन्याने तव्यावर दाबून ठेवायचे आणि खालून खमंग वास येईपर्यंत थांबायचे. मग एकाच हाताने उलटायचे आणि पुन्हा थांबायचे. तळाशी धरलेला तांबडा-काळा थर उलथन्याच्या कडेने खरवडून वर घ्यायचा. तीच खरवड. साऱ्या तव्यात चव तिच्यात असे, आणि ती थोडीच असे. पाळीला जाणाऱ्याच्या ताटलीत ती आधी पडे. परीक्षेच्या दिवशी माझ्या ताटलीत पडली. खाली बेकरीतून आणलेला लादीपाव, वर कडक चहा.

सकाळी सातच्या पाळीसाठी चाळीत पाचला स्टोव्ह पेटत. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सातआठ माणसे झोपलेली असताना, कोणाच्या अंगावरून न जाता, मोरीच्या कडेला बसून एक बाई हे करीत असे. मांस थोडे आणि बटाटा जास्त, हे त्या पदार्थाचे अर्थशास्त्र होते. मांस थोडे असूनही प्रत्येक घासाला लागले पाहिजे, हे त्याचे कौशल्य होते. आपण अर्थशास्त्र लिहिले. कौशल्य लिहिले नाही.

३

मराठी समीक्षा ज्या रससिद्धांताच्या अंगणात वाढली, तो सिद्धांतच मुळी स्वयंपाकघरातून आला आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात रसाचा दृष्टान्त येतो तो व्यंजनांचा : नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारे सुमनस पुरुष जसा रसांचा आस्वाद घेतात, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. पुढे अभिनवगुप्ताने 'चर्वणा' हा शब्द वापरला, म्हणजे चघळणे. रस, आस्वाद, चर्वणा : साऱ्या संज्ञा जिभेच्या. मात्र या दृष्टान्तात खाणारा आहे, अन्न आहे. स्वयंपाक करणारे हात नाहीत. आणि ज्याच्या जिभेवर हे सौंदर्यशास्त्र उभे राहिले, तो सुमनस पुरुष कोणत्या आळीत जेवत होता हे वेगळे सांगायला नको.

दलित साहित्याने हे सौंदर्यशास्त्र नाकारले ते योग्यच केले. शरद पाटलांच्या 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथाने १९८८ साली आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथाने १९९६ साली या नकाराला शास्त्राचे रूप दिले. वेदनेची कहाणी वाचून आनंद कसा घ्यायचा, हा प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे. आस्वादाच्या जागी आपण जाणीव आणली, आनंदाच्या जागी अस्वस्थता आणली.

पण येथे एक चूक झाली, असे मला वाटते. 'आस्वादक समीक्षा' नाकारताना आपण आस्वादही नाकारून बसलो. चव हा शब्द त्यांचा, म्हणून तो सोडून दिला. जणू ज्यांनी अपमान सोसला त्यांना जीभ नव्हतीच. होते ते फक्त पोट. प्रस्थापितांनी आपल्याला नेमके हेच म्हटले होते : हे लोक काहीही खातात. काहीही खाणाऱ्याला चव नसते. आपल्या समीक्षेने चवीबद्दल मौन पाळून हा आरोप नकळत मान्य केला.

४

मराठी कवितेत, आणि विशेषतः कामगार व दलित कवितेत, भाकरी हे केवढे मोठे प्रतीक आहे! नारायण सुर्व्यांपासून पुढच्या कितीतरी कवींपर्यंत भाकरीचा चंद्र, भाकरीचा हिशेब, भाकरीचे विद्यापीठ आपल्याला ठाऊक आहे. भाकरीवर व्याख्याने होतात, भाकरीवर संमेलनाध्यक्ष बोलतात. याचे एक कारण उघड आहे : भाकरी सर्वांची आहे. पण दुसरे कारण आपण सहसा उच्चारत नाही. भाकरी निर्विटाळ आहे. ती कोणाच्याही ताटात बसते. भुकेल्या माणसाच्या हातात भाकरी दिली की वाचकाला त्याची कीव येते; त्याच हातात चानी दिली की वाचकाला त्याची जात आठवते. म्हणून भाकरी प्रतीक झाली आणि चानी पुरावा राहिली.

'बलुतं' १९७८ साली आले आणि नागपाड्याजवळच्या कावाखान्याचे जग मराठीत उघडे झाले. त्याआधी १९७२ साली 'गोलपिठा'ने मुंबईच्या त्याच अंगाची भाषा कवितेत आणली होती. त्या भाषेत मांस, आतडी, रक्त यांना संकोच नव्हता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आषाढातल्या जत्रेचे, भुकेचे आणि चुलीजवळच्या बायकांचे जे चित्र येते, ते मराठीत अन्यत्र नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने २००३ साली कोकण ते मुंबई या वाटेवरचे घर दाखवले. लेखकांनी, आणि त्यातही लेखिकांनी, लपवले नाही. या पुस्तकांत शिजवण्याचे, वाटण्याचे, वाळवण्याचे, उरवण्याचे तपशील आहेत. त्या तपशिलांजवळ आपण वाचक म्हणून थांबलो का? पाठ्यपुस्तकांतले प्रश्न पाहा, मार्गदर्शके पाहा, आपले शोधनिबंध पाहा. 'दारिद्र्याचे विदारक चित्रण' या तीन शब्दांखाली सारा स्वयंपाक गाडला जातो. मी स्वतःही माझ्या एका निबंधात हेच तीन शब्द वापरले आहेत. तेव्हा हा आरोप प्रथम माझ्यावरच आहे.

५

आता एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. मी हा लेख लिहिणार असे आमच्या चाळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं, ते तू पुन्हा ताटात वाढतेस." काकांनी आयुष्यभर चळवळीसाठी खस्ता खाल्ल्या आहेत. त्यांचे बोलणे झटकून टाकता येत नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे सांगितले. या आदेशाचे मोल केवढे आहे हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. मेलेले ढोर ओढणे हे गावाने महारावर लादलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा 'हक्क' म्हणवला जाणारा मोबदला होता. तो मोबदला नाकारणे म्हणजे ती गुलामी नाकारणे होते. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने तपासला. तेथे त्यांनी मांसाहाराला पाप ठरवले नाही. कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने खाणे सोडले आणि सोडणाऱ्यांनी न सोडणाऱ्यांवर कोणता शिक्का मारला, हा त्यांचा प्रश्न होता. शिक्का कसा तयार होतो हे त्यांनी उलगडले. तो शिक्का आपण स्वतःवर पुन्हा मारून घ्यावा, असे कोठेही म्हटले नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मृतमांस आणि मांस एक नव्हे. गावकीत वाटणीला आलेले मांस आणि परळच्या दुकानात पगाराचे पैसे मोजून घेतलेले मांस एक नव्हे. आजोबा दुकानासमोर रांगेत उभे राहून "पाव किलो, चरबी थोडी ठेव," असे म्हणत, तेव्हा ते कोणाचे बलुतेदार नव्हते, गिऱ्हाईक होते. माणूस मुंबईत आला तेव्हा त्याच्या ताटातला पदार्थ वरवर तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. तो आता लादलेला नव्हता, निवडलेला होता. आपल्या समीक्षेने मात्र गावचाच चष्मा लावून शहरातले ताटही वाचले. सारे मांस तिला वाटणीचेच दिसले.

शहर निर्मळ होते असे मला म्हणायचे नाही. गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा धोट्यात ओवताना तोंडाने ओढावा लागे आणि त्या तोंडाचा विटाळ इतरांना चाले ना. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. ज्या शहरात दोऱ्यालासुद्धा तोंडाचा विटाळ होता, त्या शहरात त्या तोंडाने काय खाल्ले हा प्रश्न किरकोळ कसा असेल? परळच्या ज्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके काढली, तिच्या आसपासच्या खोल्यांतून हाच तिढा रोज सकाळी पाच वाजता सुटत होता : आपल्या घरात, आपल्या पैशाने, आपल्या तव्यावर.

म्हणून काकांना माझे उत्तर असे : बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली. चव सोडायला सांगितली नव्हती. ज्यांना मांस सोडावेसे वाटते त्यांनी ते खुशाल सोडावे. धम्माच्या मार्गाने जाताना अनेकांनी ते विचारपूर्वक सोडले आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण विचाराने सोडणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या नाकाला भिऊन सोडणे वेगळे. दुसऱ्याला आपण पहिल्याचे नाव देऊ नये.

६

अन्नाबद्दल मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. गिरगावच्या पाठारे प्रभू संस्कृतीचा ठसा असलेले लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले आणि त्यात हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या लग्नाच्या आहेरात जाऊन बसले. या पुस्तकांना मी नावे ठेवीत नाही. त्यांनी त्यांच्या घरातले नेमके लिहून ठेवले. पण हजार क्रिया लिहूनही जी एक क्रिया मराठी पाकपुस्तकांच्या रांगेत आली नाही, ती आमच्या गच्चीवरची दोरी. मांस चालले, ते कोणत्या जनावराचे आणि कोणत्या आळीतले, यावर त्याचे 'सामिष' किंवा 'अभक्ष्य' होणे ठरले.

शहराच्या स्मृतीचेही तेच. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव जन्मला असे सांगितले जाते. तो गिरणी कामगाराचे अन्न म्हणून मिरवला गेला, मराठी अस्मितेचे निशाणही झाला. मिरवू द्या. मलाही तो आवडतो. पण त्याच बटाट्याने, त्याच पावाने, त्याच कामगाराच्या घरात जो दुसरा संसार केला, त्याला शहराच्या इतिहासात ओळ मिळाली नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले तेव्हा गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांच्या कष्टांना प्रथम संघटनेचे नाव मिळाले. घरातल्या घरात पाळी सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टांना तेही नाही.

अलीकडे दोन पुस्तकांनी ही कोंडी फोडली. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून २००९ साली शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढले. पाठोपाठ २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. 'पूर्णब्रह्म' या शब्दाला 'अ' लावून पाटोळे यांनी शीर्षकातच साऱ्या पाकसंस्कृतीला प्रश्न विचारला आहे; मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ त्यांनी कृतीसकट, न लाजता नोंदवले. मला या पुस्तकाचे मोल वाटते ते त्यातील विद्रोहापेक्षाही त्यातील कृतींमुळे. कृती लिहिणे म्हणजे 'हे पुन्हा करण्याजोगे आहे' असे म्हणणे. साक्ष एकदा दिली जाते. कृती पुनःपुन्हा केली जाते. पण पाटोळे यांचा प्रदेश गावाचा आहे. चाळीचा तवा, स्टोव्ह, लादीपाव आणि पाळी यांचे पुस्तक अजून व्हायचे आहे.

७

या प्रश्नात आपण एकटे नाही. १९७२ साली ज्यांच्या नावावरून दलित पँथरने नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांमध्ये हाच वाद झडला होता. मालकांनी टाकून दिलेले डुकराचे आतडे, खूर, पाय शिजवून गुलामांनी जी पाकविद्या उभी केली, तिला पुढे 'सोल फूड' असे नाव मिळाले. लेरॉय जोन्स (म्हणजेच पुढचे अमिरी बराका) यांनी त्या अन्नाची बाजू घेणारा लेख लिहिला. तो १९६६ च्या त्यांच्या निबंधसंग्रहात आहे. याउलट नेशन ऑफ इस्लामचे एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या 'हाऊ टू ईट टू लिव्ह' या पुस्तकात ते गुलामीचे अन्न म्हणून त्याज्य ठरवले. दोघेही स्वाभिमानासाठीच बोलत होते. आपल्याकडे या वादाचा एकच पक्ष छापला गेला. दुसरा पक्ष स्वयंपाकघरात बसून राहिला.

इंग्लंड-अमेरिकेत उरलेले मांस आणि बटाटे बारीक चिरून तव्यावर खरपूस करतात, त्याला 'हॅश' म्हणतात. खारवलेल्या डबाबंद गोमांसाचे हॅश हे तिकडच्या गरीब घरांचे आणि युद्धातल्या टंचाईचे अन्न होते. आज ते हॉटेलात न्याहारीला मिळते. खारवलेले मांस, कालचा बटाटा, लोखंडी भांडे आणि न ढवळण्याचा संयम : आजीचा तवा आणि तो तवा यांत फारसे अंतर नाही. तिकडे त्या पदार्थाला वर्ग होता, आणि वर्ग माणसाला ओलांडता येतो. इकडे त्याला जात होती.

८

हा प्रश्न केवळ आठवणींचा असता तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ सालचा. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेले मांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. पण राज्यातली बंदी कायम ठेवली. उरले म्हशी-रेड्याचे. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी शेतीचे, श्रद्धेचे मुद्दे मांडले. विरोधात बोलणाऱ्यांनी रोजगाराचे, पोषणाचे, स्वस्त प्रथिनांचे मांडले. एकाही सभेत मी कोणाला असे म्हणताना ऐकले नाही की आम्हांला ते आवडते. आवडणे हा युक्तिवादच राहिलेला नाही. पोषणाच्या नावाने मागता येते, कारण पोषण हे पोटाचे. आवडीच्या नावाने मागता येत नाही, कारण त्यासाठी आधी आपल्याला जीभ आहे हे कबूल व्हावे लागते.

आणि कायद्याच्या आधीच काही गोष्टी घडून गेल्या होत्या. शाळेच्या डब्यात आई मला तव्यातले बटाटे वेचून देई, चान्या बाजूला काढून. "मऊ मऊ ने, कडक राहू दे घरी," असे म्हणे. पण बटाट्याला त्या तव्याचा वास लागलेलाच असे. एक दिवस शेजारच्या मुलीने विचारले, "कसला वास गं?" मी म्हटले, "सुकटीचा." सुकट चालत होती. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा मी पुढे कॉलेजात वाचली. पण जात चोरण्याच्या कितीतरी आधी मी चव चोरली होती.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीत २०२५ साली पहिल्या कुटुंबांना नव्या इमारतींत घरे मिळाली. एकशे साठ फुटांच्या जागी पाचशे फुटांचे घर, स्वतंत्र स्वयंपाकघर, घरातच संडास : आपल्या लोकांनी हे हक्काने मिळवले आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण गच्चीवर आता दोरी बांधता येईल का? बंद दाराच्या इमारतीत लिफ्टमध्ये वास आला तर आपणच आधी खिडकी लावून घेऊ, हे मला माझ्या स्वतःच्या घरावरून ठाऊक आहे. मध्यमवर्गात पाऊल टाकताना पहिली गोष्ट आपण मागे ठेवतो ती चव. भाषा सुधारतो, कपडे सुधारतो आणि तवा बदलतो. माझ्या घरी आता नॉनस्टिक तवा आहे. त्याला काही चिकटत नाही. म्हणून खरवडही होत नाही.

९

मग करायचे काय? मी समीक्षेची विद्यार्थिनी आहे. माझी सूचना समीक्षेपुरती आहे. आत्मकथन शिकवताना 'दारिद्र्याचे चित्रण' या शीर्षकाखाली आपण जे परिच्छेद टाकतो, ते पुन्हा काढून वाचावेत. शिजवणारे हात कोणाचे, सरपण कोणी आणले, थोडे कसे पुरवले, वाटताना कोणाला आधी आणि स्वतःला काय उरले, हे प्रश्न विचारावेत. तेथे अपमान सापडेल. त्याच्या शेजारी कसबही सापडेल. आणि कसब सापडले म्हणून अपमानाचे वजन कमी होत नाही, हे विद्यार्थ्यांना नीट सांगावे; कारण उद्या एखादा उपाहारगृहवाला आपली चानी शोभेच्या ताटलीत मांडील आणि तिची जात पुसून किंमत लावील, तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत. केवळ चव सांगितली तर इतिहास जातो. केवळ इतिहास सांगितला तर माणूस जातो.

प्राध्यापक मित्रांना एक विनंती. या वर्षी प्रकल्पासाठी मुलांना एकच काम द्या : घरातल्या वयस्क बाईकडून एक कृती लिहून आणा, तिच्या शब्दांत, तिच्या मापात. 'चिमूटभर', 'अंदाजानं', 'वास येईस्तोवर' ही मापे ग्रॅममध्ये बदलू नका. कार्यकर्त्यांनी वस्त्यांतून ही नोंद करावी. आजीसारख्या बायका फार राहिलेल्या नाहीत. माझी आजी गेली. तिची कृती मला आईकडून, तिच्याशी वाद घालून, दोनदा तवा जाळून पुन्हा मिळवावी लागली.

आणि त्या मुलीचे उत्तर राहिलेच. ते मी पुढच्या तासाला दिले. वर्ग हसला नाही. चानी आधी खारट लागते, मग धुरकट, मग चावत राहिलीस तर गोडसर. बाहेरून ती कुरकुरते आणि आत दाताला झगडावे लागते. बटाटा तिचे मीठ पिऊन घेतो, म्हणून तोही मांसासारखा लागतो, आणि थोडे असलेले खूप वाटते. सर्वांत चांगला घास तळाचा असतो. तो आजीने मला वाढला होता. तिने स्वतः काय खाल्ले ते मी पाहिले नाही. मला पेपरला उशीर होत होता.